आठ ते सात घरी कोण? नोकरी सांभाळून डिमेन्शियाच्या माणसाची काळजी घेणाऱ्यांसाठी

माझे वडील, अप्पा, पहाटे चारला उठून तिकिटांचा ट्रे शोधायचे. एसटीतून निवृत्त होऊन त्यांना सोळा वर्षं झाली होती, पण पहिली गाडी चुकेल ही धास्ती त्यांना रोज उठवायची. मग दार उघड, कुलूप कुणी लावलं, चावी दे. सहाच्या सुमारास ते दमून झोपत आणि मी डबे भरायला घेई, कारण गाडी मलाही गाठायची असायची, ठाण्याहून आठ बाराची. नातेवाइकांनी पहिल्याच महिन्यात विचारलं, "नोकरी सोडतेस का मग?" भावाला हे कुणी विचारलं नाही. असो.

नोकरी मी सोडली नाही, त्याला पाच वर्षं झाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आहे. यातल्या कितीतरी घरांत सकाळी कुणीतरी डबा घेऊन कामावर निघत असणार. त्या माणसाला सगळी मदत एकाच ठिकाणी मिळेल अशी खिडकी आपल्याकडे नाही. मदत आहे, पण विखुरलेली: थोडी दवाखान्यात, थोडी ऑफिसात, थोडी घरकामाला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोत, थोडी शेजारच्या काकूंकडे. ती वेचून तासांत बसवावी लागते. "आता बाबांचं कोण बघणार?" एवढंच विचारत बसलं तर घरात भांडणं होतात. "मंगळवारी दुपारी अडीच ते पाच घरी कोण?" असं विचारलं की कुणीतरी हात वर करतं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहेत.

पायरी १: निदान कागदावर घ्या

"साठी बुद्धी नाठी" म्हणत आम्ही दीड वर्ष घालवलं. तुम्ही घालवू नका, आणि त्याचं कारण फक्त औषधं लवकर सुरू व्हावीत एवढंच नाही. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही झोपेच्या गोळ्या, डोक्याला मार लागून साचलेलं रक्त यांमुळेही माणूस विसरभोळा आणि गोंधळलेला होतो, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. न्यूरॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ किंवा वृद्धांच्या आजारांचे डॉक्टर, यांपैकी कुणाकडेही सुरुवात करता येते. खासगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठा. मुंबईत जे. जे. रुग्णालय हे वृद्धांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमातलं प्रादेशिक केंद्र आहे. स्मरणशक्तीची चाचणी मराठीतून घ्यायला सांगा. आयुष्यभर मराठीत बोललेल्या माणसाला इंग्रजीत प्रश्न विचारून गुण कापण्यात काही अर्थ नाही.

तिथून निघताना डॉक्टरांच्या लेटरहेडवर चार गोष्टी लिहून घ्या: आजाराचं नाव, सध्याची अवस्था, "एकटं ठेवू नये, सतत देखरेखीची गरज आहे" असं वाक्य, आणि तारीख. हाच कागद पुढे ऑफिस, बँक, सीए आणि वकील सगळे मागतात. मी नंतर मागायला गेले तेव्हा त्या एका वाक्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा गेली.

आणखी एक लक्षात ठेवा. डिमेन्शिया हळूहळू वाढतो. दोन दिवसांत माणूस एकदम भलतंच बोलायला लागला, ओळखेनासा झाला किंवा गुंगीत राहिला, तर "आजार वाढला" समजून थांबू नका. लघवीचा संसर्ग, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, नवीन औषध असं काहीतरी असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पायरी २: सात दिवसांची वही

शाळेची साधी वही घ्या. प्रत्येक दिवसाला एक पान, प्रत्येक तासाला एक ओळ. आठवडाभर फक्त लिहायचं: काय घडलं, जवळ कोण होतं, किती मदत लागली. आंघोळीला नुसतं सांगावं लागलं की हाताने घालावी लागली? जेवले, की ताटासमोर बसून राहिले?

आमच्या वहीत दिसलं ते मला अजिबात अपेक्षित नव्हतं. मी दिवसभराची बाई शोधत होते. पण अकरा ते तीन अप्पा बहुतेक शांत असायचे, रेडिओ ऐकायचे, झोपायचे. अवघड वेळ दोनच होत्या, पहाटेची आणि कातरवेळेची. दिवेलागणीला त्यांना घरी जायचं असायचं, आणि ते घर म्हणजे आमचं नव्हे, चिपळूणजवळचं लहानपणीचं. या आजारात कातरवेळी अस्वस्थ होणं फार नेहमीचं आहे, आणि नोकरदार माणूस त्याच वेळी लोकलमध्ये लटकत असतो. म्हणून चांगली, अनुभवी मदत कुठल्या तासांना हवी आणि साधी सोबत कुठल्या तासांना पुरेल हे वेगळं करा. पैसे तिथेच वाचतात.

पायरी ३: ऑफिसात सांगा, पण मागणी घेऊन जा

खूप जण लपवतात. मीही आठ महिने लपवलं. रोज उशीर, मीटिंगमध्ये फोन, आणि सगळ्यांना वाटायचं हिचं लक्ष उडालंय. सांगायचं तर आधी थेट साहेबांना आणि मग एचआरला, लेखी. मेल छोटा ठेवा. माझा साधारण असा होता:

"माझ्या वडिलांना डिमेन्शियाचं निदान झालं आहे (प्रमाणपत्र जोडलं आहे). पुढील तीन महिने मंगळवारी व शुक्रवारी घरून काम करण्याची, आणि इतर दिवशी साडेनऊऐवजी साडेआठला येऊन साडेपाचला निघण्याची परवानगी मिळावी. महिनाअखेरीची कामं मी ऑफिसातूनच करेन. तीन महिन्यांनी आपण आढावा घेऊ."

"आढावा घेऊ" हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. कायमची सवलत द्यायला साहेब कचरतात, तीन महिन्यांची देतात. मग ती वाढते.

कायद्याचं म्हणाल तर आईवडिलांच्या आजारपणासाठी म्हणून वेगळी रजा खासगी नोकरीत आपल्याकडे नाही. आहे तीच रजा जपून वापरायची. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ज्यांना लागू आहे त्यांना वर्षाला ८ दिवस पगारी नैमित्तिक रजा मिळते, वर्षात २४० दिवस काम भरलं की दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा मिळते, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. ही साठवण गावच्या लग्नांत उडवू नका. हॉस्पिटलची वेळ कधीही येते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वर्षाची ३० दिवसांची अर्जित रजा वृद्ध आईवडिलांच्या देखभालीसह कुठल्याही वैयक्तिक कारणासाठी वापरता येते, असं सरकारने २०२५ मध्ये राज्यसभेत स्पष्ट केलं. त्यांना २० दिवस अर्धवेतनी रजाही असते. राज्य सरकारी, पालिका आणि बँकांतल्या लोकांनी आपापल्या आस्थापना शाखेत अर्धवेतनी आणि असाधारण रजेचे नियम विचारावेत.

एचआरला आणखी दोन गोष्टी विचारा. एक, ग्रुप मेडिक्लेममध्ये आईवडील घालता येतात का आणि त्याची मुदत कधी असते. बऱ्याच कंपन्यांत ही संधी वर्षातून एकदाच, नूतनीकरणाच्या वेळी मिळते. नोकरी बदलण्याआधी नव्या कंपनीत हेच विचारा. दोन, कर्मचाऱ्यांसाठी मोफत समुपदेशनाची सोय आहे का. मोठ्या कंपन्यांत बहुधा असते, त्याचं पोस्टर लिफ्टपाशी लावलेलं असतं आणि तो नंबर कुणी फिरवत नाही. ते बोलणं गोपनीय राहतं. काही ठिकाणी त्यातच वकिलाचा सल्लाही मिळतो.

पायरी ४: तास कुणाकडे सोपवायचे

*घरी येणारी मावशी किंवा दादा.* ब्युरोतून बारा किंवा चोवीस तासांसाठी माणूस मिळतो. फोनवर दर विचारण्याआधी हे विचारा: डिमेन्शियाच्या पेशंटकडे आधी किती महिने काम केलं, सुट्टीच्या दिवशी बदली कोण देणार, पहिला माणूस पटला नाही तर बदलून किती दिवसांत देणार, ब्युरोची फी वेगळी की पगारातच, आगाऊ घेतलेले पैसे परत मिळतात का. उत्तरं व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. एका ब्युरोने आम्हाला "ट्रेन्ड" म्हणून जी मुलगी पाठवली तिने अप्पांना तिसऱ्या दिवशी खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली. ती वाईट नव्हती. तिला कुणी काही शिकवलंच नव्हतं आणि ती घाबरली होती. त्यानंतर मी नियम केला: नवीन माणूस आला की पहिले तीन दिवस मी घरी.

या तीन दिवसांत शिकवायचं काय? औषधांच्या वेळा कागदावर असतातच. माणूस शिकवायचा असतो. अप्पांना "तुम्ही रिटायर झालात" म्हटलं की ते चिडायचे, दर वेळी ताज्या अपमानासारखं. आत्ताच्या मावशी म्हणतात, "मास्तर, गाडीला अजून टाइम आहे, चहा घ्या." जुना तिकीट पंच मी माळ्यावरून काढून दिला. जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या पंच करत अप्पा तासभर बसतात. तुमच्या माणसाचं असं काय आहे ते एका पानावर लिहून ठेवा: काय काम करायचे, कुणाच्या नावाने शांत होतात, कुठल्या शब्दाने भडकतात, गाणी कुठली, चहा किती गोड. ते पान दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

आधारकार्डाची प्रत घ्या, दागिने आणि रोकड हलवा, आणि कॅमेरा लावायचा असेल तर मावशींना सांगून लावा. त्यांना आठवड्याची सुट्टी द्या. बारा तास हे काम करणारी बाई थकली की तिचा थकवा तुमच्या वडिलांवर निघतो.

*दिवसा सांभाळणारी केंद्रं.* सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. नोकरदारांसाठी उत्तम सोय, पण शहरांतसुद्धा अशी केंद्रं थोडी आहेत. चौकशीची सुरुवात अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडियापासून करा. १९९२ साली केरळात सुरू झालेल्या या संस्थेच्या अनेक शहरांत शाखा आहेत, मुंबईतही. मुंबई परिसरात डिग्निटी फाउंडेशन आणि सिल्व्हर इनिंग्ज, पुण्यात तपस या संस्था डिमेन्शियाच्या क्षेत्रात काम करतात. सेवा, वेळा आणि जागा बदलत राहतात, म्हणून जाण्याआधी फोन करा आणि तीन प्रश्न विचारा: बंद किती वाजता होतं, ने-आण आहे का, आणि लघवी-संडासवर ताबा नसलेला माणूस घेता का. पाचला बंद होणारं केंद्र सातला घरी पोचणाऱ्याच्या अर्धंच कामाचं. उरलेले दोन तास शेजारी किंवा मावशी यांतून जोडावे लागतात.

*थोड्या दिवसांचा मुक्काम.* काही निवासी केंद्रं पंधरा दिवस किंवा महिनाभरासाठीही माणूस ठेवून घेतात. तुमचं ऑपरेशन, मुलाची बारावी, परगावची बदली अशा वेळी याचा उपयोग होतो. गरज पडायच्या आधी जाऊन पाहून ठेवा.

*सोसायटी आणि ज्येष्ठ नागरिक संघ.* पैसे न लागणारे तास इथे सापडतात. शेजारच्या काकूंना "कधी तरी बघाल का" म्हटलं तर त्या हो म्हणतात आणि काहीच होत नाही. "बुधवारी साडेचार ते साडेपाच अप्पांबरोबर चहा घ्याल का?" म्हटलं तर त्या पावणेपाच वाजवत नाहीत.

पायरी ५: सही शाबूत आहे तोवर

ही पायरी हवी तर सगळ्यांत आधी करा, पण टाळू नका. बहुतेक लोक म्हणतात, "वडिलांकडून कुलमुखत्यारपत्र करून घेतलंय, काळजी नाही." काळजी आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निकामी होतो. क्षमता संपल्यानंतर मालमत्तेचे मोठे व्यवहार करायचे तर पालक नेमण्यासाठी न्यायालयात जावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत कुटुंबीयांना पालक नेमलेलं आहे, पण त्यात वेळ जातो आणि खर्चही होतो.

म्हणून सुरुवातीच्या अवस्थेत, त्यांना समजतंय तोवर, त्यांच्याशी बोलून आणि त्यांच्या इच्छेने एवढं उरका: बँक खातं "आयदर ऑर सर्व्हायव्हर" (दोघांपैकी कुणाही एकाच्या सहीने चालणारं) पद्धतीने संयुक्त, सगळीकडे नामनिर्देशन, आणि मृत्युपत्र. मृत्युपत्राच्या दिवशीच डॉक्टरांचं "समजून-उमजून सही करण्यास सक्षम" असं प्रमाणपत्र घ्या आणि शक्य असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. मृत्युपत्र करणारा त्या वेळी शुद्धीत असावा लागतो, नुसतं निदान झाल्याने त्याचा हक्क जात नाही. भावंडांना आधी कळवा. गुपचूप केलेला कागद पुढे कोर्टात जातो.

पेन्शनचा हयातीचा दाखला आता जीवन प्रमाण या सरकारी सेवेवर मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो. बहुतेकांना तो नोव्हेंबरात द्यावा लागतो. अप्पांसारख्या ईपीएस-९५ च्या (पीएफशी जोडलेल्या पेन्शन योजनेच्या) पेन्शनरांना मात्र तो वर्षात कधीही देता येतो आणि पुढे एक वर्ष चालतो. मी चांगला दिवस बघून सकाळी दहाला उरकते. संध्याकाळी तो प्रयोग करू नये.

पायरी ६: कर आणि विमा, थोडक्यात

जुन्या करप्रणालीत असाल तर दोन वजावटी पाहा. आयकर कायदा, १९६१ च्या कलम ८०डीडीबीखाली अवलंबून असलेल्या ज्येष्ठ नागरिकाच्या उपचारखर्चावर १ लाख रुपयांपर्यंत वजावट आहे. आजारांच्या यादीत डिमेन्शियाचं नाव आहे, पण ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व प्रमाणित असावं लागतं आणि न्यूरॉलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं. विम्यातून मिळालेली रक्कम त्यातून वजा होते. दुसरी, ८०डी: साठीपुढच्या आईवडिलांचा आरोग्यविमाच नसेल तर त्यांच्या औषधोपचाराचा ५० हजारांपर्यंतचा खर्च, रोखीने न दिलेला. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आकडे बदलतात, तेव्हा सीएकडे जाताना आकड्याऐवजी आजाराचं नाव सांगा. मावशींचा पगार उपचारखर्चात बसेल असं धरून चालू नका.

सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचं संरक्षण आहे. आधारवरून काढता येतं. घरच्या देखभालीला ते चालत नाही, पण पडून खुब्याचं हाड मोडलं तर आठवण येईल.

पायरी ७: हरवले तर

गळ्यात किंवा हातात नाव आणि तुमचा फोन नंबर असलेलं काहीतरी कायम असू द्या. क्यूआर कोडची लॉकेटंही मिळतात. पण रस्त्यावरच्या माणसाला साधा कोरलेला नंबर लवकर वाचता येतो. शर्टाच्या कॉलरच्या आत मार्करने नंबर लिहा. वॉचमन, कोपऱ्यावरचा वाणी आणि रिक्षा स्टँडवरच्यांना फोटो दाखवून ठेवा. दर महिन्याला एक ताजा फोटो काढा. हरवले तर आजूबाजूला शोधत बसण्यात तास घालवू नका, आधी ११२ लावा. आणि त्यांच्या जुन्या वाटेचा विचार करा. अप्पा एकदाच सुटले होते. ते एसटी स्टँडवर सापडले, चौकशी खिडकीपाशी.

जवळ ठेवायचे नंबर: ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. मानसिक आरोग्याची टेलि-मानस १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. दुसरा नंबर तुमच्यासाठीही आहे.

पायरी ८: भावंडं आणि तुम्ही

माझा भाऊ बंगळुरूला. दर रविवारी व्हिडिओ कॉल करून तो सल्ले द्यायचा. एका रविवारी मी त्याला वहीतली सात पानं फोटो काढून पाठवली आणि विचारलं, यातले कुठले तास तुझे? त्यानंतर मावशींच्या पगाराचा निम्मा भाग, औषधांची ऑनलाइन मागणी आणि मेडिक्लेमची सगळी कागदपत्रं त्याच्याकडे गेली. वर्षातून दोन आठवडे तो घरून काम करण्याची परवानगी घेऊन इथे येतो, तेव्हा मी घर सोडते. खरंच सोडते, मैत्रिणीकडे जाते.

गोव्यात एक अभ्यास झाला होता, २००८ साली प्रसिद्ध झालेला. ८१ कुटुंबं होती. स्थानिक, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या माणसांनी सहा महिने घरी येऊन काळजी घेणाऱ्यांना माहिती दिली, त्यांचं ऐकून घेतलं, वागणुकीचे प्रश्न कसे हाताळायचे ते सांगितलं. काळजी घेणाऱ्यांची मानसिक अवस्था सुधारली. कुठलंही महागडं यंत्र त्यात नव्हतं. तुम्हाला असं येणारं कुणी नसेल तर काळजी घेणाऱ्यांच्या एखाद्या गटात जा. ऑनलाइन गट रात्री नऊनंतर भरत असेल तर नोकरदाराला तेच सोयीचं. पहिल्या वेळी मी नुसती ऐकत होते. नाशिकच्या कुणी बाई म्हणाल्या, सासूबाई त्यांना रोज चोर म्हणतात, आणि मला इतकं हसू आलं की रडू फुटलं.

दर तीन महिन्यांनी वही परत काढा आणि पुन्हा सात दिवस लिहा. तास सरकलेले असतात. रात्रीची झोप सलग दोन आठवडे तीन तासांच्या वर जात नसेल, मावशी एकट्याने त्यांना उचलू शकत नसतील किंवा तुमचा हात त्यांच्यावर उगारला गेला असेल, तर निवासी केंद्र पाहायची वेळ झाली आहे. पाहायला जाल तेव्हा न कळवता, कातरवेळी जा. साडेसहाला तिथे किती कर्मचारी हजर आहेत, दिवे लागलेत का, लोकांना खुर्चीला बांधलंय का, आणि कुणी "घरी जायचंय" म्हटलं की त्याला काय उत्तर मिळतं, ते दारात उभं राहून ऐका.